मोठ्यांचं औषध, सोळाव्या वर्षाची चाचणी

एखादं नवं औषध मोठ्यांना मिळू लागलं आहे, मुलांसाठी मात्र अजून चाचण्या चालू आहेत, असं एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या एआरटी केंद्रात सांगितलं की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. विषाणू तोच, रोग तोच, मग गोळी अर्धी करून द्यायला काय हरकत आहे? यामागे आणखी एक प्रश्न असतो. तो सहसा मोठ्याने विचारला जात नाही: आमच्या मुलांवर प्रयोग कशाला?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिला सोडवायचा तर दुसऱ्याला सामोरं जावंच लागतं. एचआयव्हीच्या बाबतीत हे टाळून चालत नाही, कारण हा विषाणू तरुणांना सोडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात दर आठवड्याला १५ ते २४ वयाच्या सुमारे ४,००० मुलींना आणि तरुणींना नव्याने लागण होत होती. त्यातल्या सुमारे ३,१०० सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या होत्या.

१. एकाच रिंगचे दोन निकाल

२०१६ साली एचआयव्हीची लागण रोखण्यासाठीच्या ‘अस्पायर’ या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे या चार देशांतल्या २,६२९ स्त्रिया तिच्यात होत्या, वय १८ ते ४५. प्रत्येकीला योनीमार्गात बसवायची एक मऊ, लवचिक रिंग दिली होती. ती महिनाभर आत ठेवायची आणि मग नवी बसवायची. निम्म्या जणींच्या रिंगमधून डॅपिविरीन नावाचं औषध हळूहळू झिरपत होतं, उरलेल्यांच्या रिंगमध्ये औषध नव्हतं. कोणाला कोणती मिळाली हे त्या स्त्रियांनाही माहीत नव्हतं आणि रिंग देणाऱ्या नर्सलाही.

औषधाच्या रिंगमुळे लागण २७ टक्क्यांनी कमी झाली. अगदीच टाकाऊ नाही, पण कोणी पेढे वाटावेत असाही हा आकडा नव्हता. मग संशोधकांनी तोच आकडा वयाप्रमाणे फोडून पाहिला. २१ वर्षांवरच्या स्त्रियांत लागण ५६ टक्क्यांनी कमी होती. १८ ते २१ वयाच्या मुलींमध्ये मात्र रिंगने काहीच संरक्षण दिल्याचं दिसलं नाही. देश तेच, दवाखाने तेच, रिंगही तीच.

सरासरीच्या आकड्याने दोन वेगवेगळ्या गोष्टी एका चादरीखाली झाकल्या होत्या. ही फोड केलीच नसती, तर मोठ्या बायकांना वाटलं असतं की रिंग जेमतेमच काम करते आणि मुलींना वाटलं असतं की आपण सुरक्षित आहोत. दोघींचीही फसगत झाली असती.

पण मुलींमध्ये ती चालली नाही, ती कशामुळे? त्या वयात शरीर औषध वेगळ्या तऱ्हेने हाताळतं, की रिंग आत राहतच नव्हती? ‘अस्पायर’मधून याचा पुरता उलगडा होईना. म्हणून २०१९ मध्ये ‘रीच’ ही खास मुलींसाठी आखलेली चाचणी सुरू झाली. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या १६ ते २१ वयाच्या २४७ मुली तिच्यात होत्या. प्रत्येकीने सहा महिने रिंग वापरायची आणि सहा महिने रोजची प्रतिबंधक गोळी घ्यायची, मग पुढचे सहा महिने आपल्याला हवं ते निवडायचं किंवा काहीच घ्यायचं नाही. सोबतीला फोन, मेसेज, मैत्रिणींचे गट आणि समुपदेशन. ज्या वयोगटावर ‘या पोरी वापरणारच नाहीत’ असा शिक्का बसला होता, त्यांनी रिंग आणि गोळी दोन्ही अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वापरल्या. निवडीची वेळ आली तेव्हा ६७ टक्के मुलींनी रिंग घेतली, ३१ टक्क्यांनी गोळी. काहीच नको म्हणणाऱ्या केवळ २ टक्के निघाल्या.

२. अर्धी गोळी का नको

गोळीचे दोन तुकडे केले की औषध निम्मं होतं, हे खरं. मुलाचं शरीर मात्र मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नसतं. काही औषधं लहान मुलं किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त वेगाने शरीराबाहेर टाकतात. अशा औषधाचा अर्धा डोस रक्तात पुरेसा टिकत नाही. एचआयव्हीच्या उपचारात औषध कमी पडणं हे काही वेळा औषध न घेण्याहून वाईट ठरतं, कारण अपुऱ्या औषधात जगून राहिलेले विषाणू त्या औषधाला न जुमानणारे होत जातात. पुढे पूर्ण डोस दिला तरी मग त्याचा उपयोग होत नाही.

हाडांचा प्रश्न निराळा. वयात येतानाच्या वर्षांत हाडांचा पुढच्या आयुष्यासाठीचा साठा तयार होत असतो. प्रतिबंधासाठी आणि उपचारासाठी सर्रास वापरलं जाणारं टेनोफोव्हिर हाडांची घनता थोडी कमी करतं. चाळिशीच्या माणसात ही बाब किरकोळ असेल, पण पंधराव्या वर्षी ती मोजूनच बघावी लागते.

म्हणजे मुलांवर सगळी चाचणी पहिल्यापासून करायची का? तशी गरज नसते आणि हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. औषध विषाणूला रोखतं हे मोठ्यांमध्ये हजारोंच्या चाचणीत एकदा सिद्ध झालं की मुलांच्या बाबतीत दोनच प्रश्न उरतात. मुलांच्या रक्तात औषधाची तेवढीच पातळी गाठली जाते का, आणि ते त्यांना सोसतं का? पातळी तेवढीच असेल तर परिणामही तसाच होईल असं मानता येतं. त्यामुळे मुलांच्या चाचण्या आकाराने लहान असू शकतात. पण त्या कराव्या लागतातच.

त्या वेळेत झाल्या नाहीत तर काय होतं, हे पहिल्या प्रतिबंधक गोळीने दाखवून दिलं. टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन या दोन औषधांची ही एकत्र गोळी, बोलीभाषेत ‘प्रेप’. लागण न झालेल्या माणसाने ती रोज घेतली तर एचआयव्हीपासून बचाव होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१२ मध्ये तिला प्रौढांसाठी परवानगी दिली. ३५ किलोच्या वर वजन असलेल्या किशोरवयीनांसाठी ती परवानगी आली मे २०१८ मध्ये. मधली जवळजवळ सहा वर्षं सतरा वर्षांच्या मुलाला धोका होता, पण त्याच्या नावाने औषध नव्हतं. मुलांना संशोधनापासून लांब ठेवणं म्हणजे त्यांना जपणं, अशी समजूत बराच काळ होती. या सहा वर्षांकडे पाहिलं की ती जपणूक कसली, असा प्रश्न पडतो.

३. सांगितलेलं आणि घेतलेलं

ही कोंडी ज्या चाचण्यांनी फोडली त्यांतली एक होती ‘एटीएन ११३’. अमेरिकेतल्या सहा शहरांत १५ ते १७ वयाच्या, मुलांकडे ओढा असलेल्या मुलग्यांसाठी ती आखली होती. सुमारे वर्षभरात २,८६४ जणांची प्राथमिक चौकशी झाली. त्यांतले २६० पात्र ठरले आणि प्रत्यक्ष दाखल झाले ७८. धोका असलेली या वयातली मुलं शोधायला किती वणवण करावी लागते, ते या तीन आकड्यांवरून कळावं.

चाचणीचा खरा धडा पुढे आहे. मुलांनी गोळी घेतली की नाही हे त्यांना विचारून ठरवायचं नाही, अशी पद्धत तोवर रुळली होती. तिच्यामागे एक कडू अनुभव होता. प्रतिबंधक औषधांच्या ‘व्हॉइस’ या चाचणीत दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ५,०२९ स्त्रिया होत्या. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आणि परत आणलेल्या गोळ्या मोजून पाहिल्यावर औषध जवळजवळ ९० टक्के वेळा घेतलं गेल्याचं दिसत होतं. रक्त तपासलं तेव्हा ते एक तृतीयांश नमुन्यांतही सापडेना, आणि तरुण, अविवाहित स्त्रियांत तर सर्वांत कमी. चाचणीत सगळ्या उपायांवर ‘उपयोग नाही’ असा शेरा बसला. औषध पोटात गेलंच नव्हतं, तर ते निरुपयोगी कसं म्हणायचं?

या बायकांना खोटारडं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण घरात एचआयव्हीच्या औषधाची बाटली सापडली, तर ‘प्रतिबंधासाठी आहे’ हे किती सासरचे लोक ऐकून घेतील? त्यात, आपली गोळी औषधाची की नकली हेही माहीत नाही. दवाखान्यातल्या ताई चांगल्या वागतात, तपासण्या फुकट होतात, त्यांचं मन मोडायला नको म्हणून बाटली रिकामी करून नेली जाते.

म्हणून ‘एटीएन ११३’मध्ये रक्ताचा थेंब कागदावर वाळवून त्यातली औषधाची पातळी मोजली. लाल पेशींमध्ये टेनोफोव्हिरचा अंश काही आठवडे साठून राहतो, त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी घाईने घेतलेल्या एका गोळीने तो हिशेब बिघडत नाही. चौथ्या आठवड्यात ५४ टक्के मुलांच्या रक्तात भरपूर संरक्षण देईल एवढी पातळी होती. बाराव्या आठवड्यात ४९ टक्के. चोविसाव्या आठवड्यात एकदम २८ आणि वर्षाच्या शेवटी २२. वर्षभरात तिघांना लागण झाली आणि तिघांच्याही रक्तातली पातळी आठवड्याला दोनहून कमी गोळ्या घेतल्याचं सांगत होती.

उतार नेमका कुठे लागला ते बघण्यासारखं आहे. पहिले तीन महिने मुलांना दर महिन्याला बोलावलं जात होतं, नंतर तीन महिन्यांतून एकदा. भेटी विरळ झाल्या आणि गोळ्याही. मोठ्यांसाठी सोयीचं असलेलं तिमाहीचं वेळापत्रक मुलांना मानवत नव्हतं. ही माहिती कोणत्याही प्रयोगशाळेतल्या उंदरांकडून मिळाली नसती.

४. एका दवाखान्याचं गणित

आता समजा, एखाद्या शहरातल्या दवाखान्यात धोका असलेले ६० तरुण येतात. त्यांच्यात वर्षाला शंभरामागे तिघांना लागण होते असं धरू. म्हणजे साठांत वर्षाला साधारण दोघांना. निम्म्यांना नवं औषध दिलं आणि निम्म्यांना जुनं, तर एका गटात एकाला लागण होईल, दुसऱ्यात कदाचित कोणालाच नाही. हा फरक औषधाचा की योगायोगाचा? काहीच सांगता येणार नाही. दहा वर्षं थांबलं तरी आकडे तोकडेच राहतील आणि तोवर मुलं तिशीत पोहोचलेली असतील.

तेच गणित दोन-दोन हजारांच्या गटांवर मांडून पाहावं. एका गटात वर्षाला ६० लागणी अपेक्षित आहेत आणि दुसऱ्यात ३० झाल्या, तर त्याला योगायोग म्हणणं कठीण. पण एकाच ठिकाणी असे चार हजार तरुण कुठून आणायचे? ते पंधरा, वीस, तीस केंद्रांत विखुरलेले असतात.

पुण्याच्या ससून रुग्णालयाशी जोडलेल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने या गणिताचा अनुभव फार आधी घेतला आहे. स्तनपानातून बाळाला होणारी लागण नेव्हिरापीन सहा आठवडे दिल्याने टळते का, याची चाचणी या शतकाच्या पहिल्या दशकात इथिओपिया, भारत आणि युगांडात झाली. भारतातलं केंद्र पुणं होतं. तीन देशांत तीन चाचण्या झाल्या, आराखडा मात्र मिळताजुळता ठेवला होता आणि म्हणूनच सगळे आकडे शेवटी एकत्र करता आले. २००८ मध्ये निकाल आला: जन्माच्या वेळी एकच डोस दिलेल्या बाळांत सहाव्या आठवड्यापर्यंत ५.३ टक्क्यांना लागण, सहा आठवडे औषध मिळालेल्यांत २.५ टक्क्यांना. सहाव्या महिन्यापर्यंत मात्र दोन गटांतलं अंतर बरंच घटलं होतं. म्हणजे स्तनपान चालू असेपर्यंत औषधही चालू राहायला हवं, असा पुढचा प्रश्न त्यातूनच निघाला. त्या चाचणीतली बाळं आज विशीच्या आसपास आहेत.

५. सगळीकडे एकच वाटी

केंद्रं वाढली की नवाच घोळ सुरू होतो. पाककृतीत ‘दोन वाट्या रवा’ लिहिलेलं असतं, पण प्रत्येक घरातली वाटी वेगळी. एकीचा शिरा मोकळा होतो, दुसरीचा गोळा, आणि दोघीही शपथेवर सांगतात की आम्ही लिहिल्याप्रमाणेच केलं. चाचणी चालवणाऱ्या समन्वय केंद्राचं पहिलं काम म्हणजे सगळ्यांच्या हातात एकच वाटी देणं.

हे काम बाहेरून कारकुनी वाटतं. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात मुलाला उलटी झाली, तर तो डोस धरायचा की पुन्हा द्यायचा? वजन चपला काढून घ्यायचं की घालून? परीक्षेमुळे मुलगी ठरल्या तारखेनंतर नऊ दिवसांनी आली, तर ती भेट कोणत्या महिन्यात मोजायची? प्रत्येक केंद्राने आपल्या अकलेने उत्तर दिलं, तर शेवटी जमा होणारे आकडे एकमेकांशी बोलतच नाहीत. म्हणून हे सगळं आधी लिहून काढावं लागतं. त्या दस्तऐवजाला प्रोटोकॉल म्हणतात आणि तो शेकडो पानांचा असू शकतो.

कोणाला कोणतं औषध मिळणार हेही केंद्रातला डॉक्टर ठरवत नाही. जास्त आजारी दिसणाऱ्या मुलाला नवं औषध द्यावंसं त्याला वाटणारच, माणूसच तो. म्हणून ती निवड दूरच्या संगणकावर चिठ्ठी काढल्यासारखी होते. आकडे साठत जातात तसे ते फक्त एका स्वतंत्र समितीला उघडून पाहता येतात. चाचणी चालवणाऱ्यांना नाही आणि पैसा देणाऱ्या कंपनीलाही नाही. औषध घातक ठरत असेल, किंवा इतकं चांगलं ठरत असेल की दुसऱ्या गटाला त्यापासून दूर ठेवणं अन्यायाचं होईल, तर ही समिती चाचणी मध्येच थांबवायला सांगते.

तरुणांसाठी असं काम करायला काही कायमच्या संस्था उभ्या राहिल्या. अमेरिकेतलं एटीएन हे जाळं २००१ मध्ये केवळ किशोरवयीन आणि तरुणांसाठी सुरू झालं. माता, बालकं आणि किशोरवयीनांच्या चाचण्या करणारं ‘इम्पॅक्ट’ हे दुसरं जाळं, ससूनचं केंद्र त्यात आहे. तिसरी ‘पेंटा’ ही इटलीतल्या पादुआ शहरातून चालणारी संस्था.

पेंटाची ‘ओडिसी’ ही चाचणी या सगळ्या खटाटोपाचं मोल दाखवते. आफ्रिका, युरोप आणि थायलंड मिळून आठ देशांतली ७०० हून अधिक मुलं तिच्यात होती. डोल्युटेग्रॅव्हिर हे नवं औषध नेहमीच्या उपचारापेक्षा सरस आहे का, हा प्रश्न. ९६ आठवड्यांत नव्या औषधाच्या गटात सुमारे १४ टक्के मुलांचा उपचार फसला, जुन्याच्या गटात सुमारे २२ टक्के. त्याच चाचणीच्या एका भागात मुलांच्या रक्तातली पातळी मोजली गेली आणि कळलं की २० किलोच्या वरच्या मुलाला मोठ्यांचीच ५० मिलिग्रॅमची गोळी चालते. सुरुवातीच्या प्रश्नातल्या पालकांना हे ऐकून हसू येईल. त्यांना गोळी अर्धी करायची होती आणि मोजून पाहिल्यावर उत्तर आलं की अख्खीच द्या. आईची आणि दहा वर्षांच्या लेकीची गोळी एकच झाली. औषधसाठा सांभाळणाऱ्या केंद्रातल्या फार्मासिस्टला विचारावं, ही केवढी सोय आहे ते.

क्षयाची औषधं चालू असलेल्या मुलांचं काय? रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅव्हिर शरीरातून झपाट्याने बाहेर पडतं. तेही त्याच चाचणीत तपासलं गेलं आणि अशा मुलांना ते दिवसातून दोनदा द्यावं असं ठरलं. आपल्याकडे एचआयव्ही आणि क्षय किती वेळा हातात हात घालून येतात हे पाहिलं, तर या उत्तराची किंमत कळते. २० किलोच्या आतल्या लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणारी १० मिलिग्रॅमची गोळी स्वस्तात बनवणाऱ्या पहिल्या दोन कंपन्यांत मुंबईची मॅक्लिऑड्स होती.

६. सही कोणाची?

मोठ्या माणसाने चाचणीत जायचं ठरवलं की तो सही करतो आणि जातो. मुलाच्या बाबतीत पालकांची परवानगी लागते आणि त्याचा स्वतःचा होकारही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यायचा आणि १२ ते १८ वयात लेखी.

कागदावर हे सरळ आहे. पण आता ‘एटीएन ११३’मधल्या सोळा वर्षांच्या मुलाचा विचार करावा. आपल्याला मुलं आवडतात हे त्याने घरी सांगितलेलं नाही. वडिलांची सही आणायची तर चाचणी कशाची आहे हे सांगावं लागेल. पालकांच्या परवानगीचा आग्रह धरला, तर ज्यांना सगळ्यात जास्त धोका आहे तीच मुलं गळणार आणि घरात मोकळं बोलता येणारी मुलंच आत येणार. म्हणून त्या चाचणीत कायद्याने मुभा असलेल्या राज्यांतली केंद्रं निवडून, मुलांना स्वतःच्या सहीवर प्रवेश दिला गेला.

दक्षिण आफ्रिकेत याहून विचित्र गाठ आहे. तिथे बारा वर्षांचं मूल स्वतःच्या संमतीने एचआयव्हीची तपासणी करून घेऊ शकतं. संशोधनात मात्र अठराच्या आतल्या मुलीला पालकांच्या संमतीशिवाय जाता येत नाही. सेवा घ्यायला ती शहाणी आणि त्याच सेवेच्या अभ्यासाला अजाण.

भारतात अडचणीचं रूप आणखी वेगळं आहे. पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आतल्या कोणाशीही लैंगिक संबंध हा गुन्हा आहे आणि तो कळल्यावर पोलिसांना सांगणं बंधनकारक. सतरा वर्षांच्या मुलीला ‘तुझे संबंध आले आहेत का’ असं विचारणाऱ्या संशोधकाने मग उत्तराचं काय करायचं? शिवाय आपल्याकडच्या अनेक किशोरवयीनांना ही लागण जन्मतःच आईकडून झालेली असते आणि घरात त्यांना रोजची गोळी ‘रक्त वाढायची’ म्हणून दिली जाते. आपल्याला एचआयव्ही आहे हे ज्याला ठाऊकच नाही, त्याचा चाचणीसाठी होकार घेण्याला काय अर्थ? आधी त्याला ते सांगावं लागतं, टप्प्याटप्प्याने, आई-वडिलांना किंवा आजीला सोबत घेऊन. यात महिने जातात आणि चाचणीच्या वेळापत्रकात ते महिने आधीच धरून ठेवावे लागतात. नाहीतर घाई होते, आणि घाईत सांगितलेल्या या बातमीने मुलं औषधच सोडतात.

७. शनिवार-रविवार सुट्टी

तरुणांना विचारलं की प्रश्नच बदलतात, याचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘ब्रेदर’. डॉक्टरांची चिंता असते की गोळी चुकू नये. गोळ्या घेणाऱ्या मुलांची तक्रार वेगळी होती. त्या वेळचं इफाविरेन्झ हे औषध घेतलं की चक्कर येई, विचित्र स्वप्नं पडत. शनिवारी मित्रांकडे राहायला जायचं, तर डबी लपवायची कुठे? आठवड्यातून दोन दिवस गोळीला सुट्टी दिली तर?

पेंटाने हा प्रश्न गंभीरपणे घेतला. अकरा देशांतली ८ ते २४ वयाची, विषाणू पूर्ण आटोक्यात असलेली १९९ मुलं आणि तरुण निवडले. निम्म्यांनी रोज गोळी घ्यायची, निम्म्यांनी पाच दिवस घेऊन दोन दिवस थांबायचं. ४८ आठवड्यांनंतर सुट्टीवाल्या गटात सहा जणांचा विषाणू वर आला होता, रोजवाल्या गटात सात. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा बऱ्याच डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या.

इथे एक खबरदारीची सूचना द्यायलाच हवी. इफाविरेन्झ रक्तात फार सावकाश उतरतं, म्हणून हे जमलं. दुसऱ्या औषधाच्या बाबतीत ते जमेलच असं नाही आणि कोणी वाचून घरी करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे. ‘ब्रेदर’चे निकाल आले तोवर जगच इफाविरेन्झकडून डोल्युटेग्रॅव्हिरकडे वळू लागलं होतं, त्यामुळे तोच प्रश्न नव्या औषधासाठी पुन्हा विचारणारी ‘ब्रेदर प्लस’ ही चाचणी आफ्रिकेत हाती घ्यावी लागली. मुलांच्या संशोधनाचं हे नेहमीचं दुखणं आहे. उत्तर हाती येतं तेव्हा औषध बदललेलं असतं.

८. सोळाव्या वर्षापासून, पहिल्याच दिवशी

हे दुखणं कमी करायचा एकच मार्ग आहे: मोठ्यांची चाचणी संपायची वाट न पाहता मुलांना तिच्यातच सामील करून घ्यायचं. ‘पर्पज १’ या चाचणीने तसं केलं. दक्षिण आफ्रिकेतली २५ आणि युगांडातली ३ केंद्रं, १६ ते २५ वयाच्या ५,३०० हून अधिक मुली आणि तरुणी. वर्षातून दोनदा पोटाच्या कातडीखाली घ्यायचं लेनाकॅपाव्हिरचं इंजेक्शन आणि दोन प्रकारच्या रोजच्या गोळ्या यांची तुलना. कोणाला काय मिळतंय हे कळू नये म्हणून इंजेक्शनवालीला नकली गोळ्या आणि गोळीवालीला नकली इंजेक्शन. मध्येच दिवस राहिले तर मुलीला बाहेर काढायचं नाही, हेही आधीच ठरलेलं.

दाखल होण्यापूर्वीच्या तपासण्यांवरून अंदाज होता की या भागात वर्षाला शंभर तरुणींमागे सुमारे २.४ जणींना लागण होते. चौथ्या भागातलं गणित इथे करून पाहता येईल. इंजेक्शनच्या गटात २,१३४ जणी होत्या, म्हणजे काहीच केलं नसतं तर वर्षभरात पन्नासच्या आसपास लागणी झाल्या असत्या. झाल्या शून्य. एका गोळीच्या १,०६८ जणींच्या गटात १६ आणि दुसऱ्या गोळीच्या २,१३६ जणींच्या गटात ३९. जून २०२४ मध्ये स्वतंत्र समितीने आकडे पाहिले आणि आता सगळ्यांना इंजेक्शन द्या, असं सांगितलं. गोळ्या फसल्या त्या पुन्हा जुन्याच कारणाने: बहुतेकींनी त्या घेतल्याच नव्हत्या.

एवढं सगळं जुळवणाऱ्या यंत्रणा किती नाजूक असतात तेही लवकरच दिसलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत अचानक गोठवली आणि त्या पैशावर चाललेल्या चाचण्यांना काम बंद करायचा आदेश गेला. दक्षिण आफ्रिकेत एका नव्या रिंगची चाचणी चालू होती. रिंगा तरुण स्त्रियांच्या शरीरात बसवलेल्या होत्या आणि आदेश शब्दशः पाळायचा, तर त्यांना तपासणंही बंद. डर्बनच्या ‘कॅप्रिसा’ या संशोधन संस्थेतल्या लोकांनी तरीही त्यांना बोलावून घेतलं आणि रिंगा काढल्या. पैसा मध्येच थांबला तर सहभागींना सुखरूप बाहेर कसं काढायचं आणि तो खर्च कोणी करायचा, हे कलम प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये औषधाच्या डोसाइतकंच ठळक असायला हवं.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेनाकॅपाव्हिरला प्रतिबंधासाठी परवानगी दिली, प्रौढांना आणि ३५ किलोच्या वरच्या किशोरवयीनांना, एकाच दिवशी. २०१२ च्या गोळीच्या वेळचं सहा वर्षांचं अंतर या वेळी पडलं नाही. त्याआधीच, २०२४ मध्ये, १२० देशांसाठी हे औषध स्वस्तात बनवायचे परवाने सहा कंपन्यांना मिळाले होते. त्यांत पुण्याची एमक्युअर आहे, हैदराबादच्या हेटेरो आणि डॉ. रेड्डीज आहेत. या हैदराबादी कंपन्यांचं औषध २०२७ पासून माणशी वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याचे करार सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. परवान्यांच्या त्या १२० देशांत भारतही आहे. आपल्याकडे सोळा-सतराव्या वर्षी हे इंजेक्शन मागायला येणाऱ्या मुलीच्या कागदावर सही कोणाची घ्यायची, हे ते औषध पोहोचण्याआधी ठरवावं लागेल.